जुना पार्ट फेकू नका, रंगाचं नंतर बघू

हल्ली आठवड्याआड कुणीतरी मोबाईलवर फोटो पाठवतं, गोठ्यात नाहीतर जिन्याखाली उभी असलेली धुळीनं माखलेली जावा किंवा येझदी मोटारसायकल, आणि खाली एकच प्रश्न, रिस्टोर करायला किती खर्च येईल. मी उलट विचारतो की गाडीवर मूळचं काय काय शिल्लक आहे ते आधी सांगा. टाकी मूळची आहे का, हेडलाईटच्या घरातला स्पीडोमीटर आहे का, साखळीचं पत्र्याचं कव्हर आहे का, डायनॅमो आहे का की कुणी काढून विकला, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर मूळचा यिकॉव कंपनीचा आहे का नंतर दुसरा बसवलाय. कारण रंग काय, कधीही मारता येतो, पैसे दिले की चार दिवसात चकचकीत होऊन येते गाडी. पण एकदा भंगारात गेलेला पार्ट परत येत नाही, आणि आला तरी तो डुप्लिकेट येतो.

घरामागच्या शेडमध्ये सध्या जी उभी आहे ती जावा २५०, साठच्या दशकातली, ३५३ मॉडेल. ओळखीतल्या एका आण्णांची आहे, भुदरगड तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या घरात कित्येक वर्षं पोत्यांच्या मागं उभी होती. आण्णांनी सोबत एक पिशवी दिली, त्यात गाडीतून वेळोवेळी काढलेले जुने पार्ट, गंजलेले, तुटके, काही तर ओळखूही येत नव्हते. म्हणाले, "हे भंगारात घाल की रं पोरा, नवीन मिळतंय बाजारात." म्हटलं आण्णा, ही पिशवी गाडीपेक्षा महत्त्वाची आहे, ह्यातलं काही म्हणजे काही टाकायचं नाही. त्या पिशवीत दोन क्लच प्लेटा, एक पिस्टन, डायनॅमोचे जुने कार्बन आणि खिळ्यासारखी दिसणारी ती मूळची किल्ली निघाली. ती जावाची किल्ली ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल मी का एवढा खूश झालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची, १९२९ साली यानेचेक नावाच्या माणसानं वांडरर कंपनीच्या गाडीचं डिझाईन घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा केलं. आपल्याकडं रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा कंपनी काढली, १९६१ ला कारखान्याचं उद्घाटन म्हैसूरच्या महाराजांनी, जयचामराजेंद्र वाडियारांनी केलं. सत्तरच्या दशकात जावाचं नाव जाऊन येझदी आलं, आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. म्हणजे शेवटची येझदी बाहेर पडली त्यालाही आता तीस वर्षं होत आली आणि कंपनीचा मूळ पार्ट असा जो काही आहे तो एकतर कुणाच्यातरी कपाटात आहे नाहीतर कुणाच्यातरी गाडीवर आहे. २०१८ ला जावा हे नाव परत आलं, पण ती गाडी वेगळी, चार स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं इंजिन, तिचा एकही नट आपल्या ह्या गाडीला चालत नाही.

इंजिन मात्र काय सुंदर आहे बघा. एक सिलिंडर, दोन स्ट्रोक, ६५ मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. गिअरचा आणि किकचा दांडा एकच, आत दाबून मागं वळवला की किक होतो, परत पुढं आणला की गिअर. आणि गिअर टाकताना दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, हातानं क्लच नाही दाबला तरी चालतं, त्या काळात हे! ह्या यंत्रणेची ती छोटी कॅमसारखी पट्टी आत असते ती झिजली की क्लच अर्धवट सुटतो आणि लोक म्हणतात क्लच प्लेटा गेल्या. प्लेटा नव्या टाकतात, फरक पडत नाही, मग म्हणतात जावा अशीच असते. जावा अशी नसते!

बरं, आता कामाचं. गाडी आली की पहिले काही दिवस पान्याला हात लावायचा नाही. फोटो काढायचे. प्रत्येक बाजूनं, प्रत्येक वायर कुठून कुठं जाते, कुठल्या बोल्टला वायसर आहे, कुठल्या नाही, कुठला बोल्ट लांब आणि कुठला आखूड. बोल्ट काढला की आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकून डब्यावर चिकटपट्टीनं नाव. हे कंटाळवाणं वाटतं पण जावाच्या साईड कव्हरचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, आणि लांब स्क्रू आखूड भोकात घालून आवळला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच समजा. आणि ते स्क्रू काढायला साधा स्क्रू ड्रायव्हर वापरून खाचा गोल करू नका, इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, आधी कव्हर थोडं गरम करा, हातोडीचा एक टोला, सुटतो. केसिंगच्या दोन अर्ध्या भागांमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेली इंजिनं मी इतकी बघितलीत की आता केसिंगच्या जोडावर बोट फिरवलं की आधीचा मिस्त्री कसा होता ते कळतं. तो ओरखडा म्हणजे कायमची हवेची गळती.

पिस्टन अडकलेला असतो बहुतेक वेळा. ह्यातही घाई नको. प्लग काढायचा, आत डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल मिसळून भरायचं आणि ठेवून द्यायचं, रोज थोडं थोडं. सिलिंडर बाहेरून हीट गननं गरम करायचा. वरून लाकडी ठोकळा ठेवून हळू ठोकलं तर ठीक, पण पिस्टनच्या डोक्यावर हातोडी मारायची नाही, कारण खाली पिस्टनला जोडलेला दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड आहे आणि त्याच्या खाली तो ज्याला फिरवतो तो क्रँक आहे आणि तिघांपैकी पिस्टनच सगळ्यात स्वस्त आहे. आण्णांच्या गाडीचा पिस्टन असाच सुटला, आणि सुटल्यावर बघितलं तर मूळच्या मापाचा बोअर, एकदाही ओव्हरसाईज न झालेला, म्हणजे कधीच कातून मोठा न केलेला. आनंदानं मी आण्णांना फोन केला, त्यांना काही विशेष वाटलं नाही पण मला रात्री झोप नाही आली.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. जावा नीट चालत नाही म्हणून लोक आधी कार्बोरेटर खोलतात, मग ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट घासतात, मग प्लग बदलतात, मग कार्बोरेटरच बदलतात. गाडी तात्पुरती सुधारते आणि परत तेच. दोन स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो तो बंद डबा, हा पंप आहे हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते आणि पेट्रोल-हवा आत ओढली जाते, पिस्टन खाली येताना ती दाबली जाऊन वर सिलिंडरमध्ये जाते. हा पंप गळका असेल तर बाकी काहीही करा, उपयोग नाही. आणि तो गळतो कुठून, तर क्रँकच्या दोन टोकांच्या ऑइल सीलमधून. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ती सीलं वाळून कडक होतात.

उजव्या बाजूला डायनॅमो आहे, त्या बाजूचं सील गेलं की तिथून कोरडी हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, गाडी उगाच रेस होते, ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही, इंजिन तापतं आणि एक दिवस हायवेवर पिस्टन धरतो. डाव्या बाजूला क्लच आणि त्याला फिरवणारी आतली प्रायमरी चेन ऑइलमध्ये असतात, ते सील गेलं की इंजिन गिअरचं ऑइल प्यायला लागतं, पांढरा धूर, प्लग ओला, आणि गिअर ऑइलची पातळी कमी होत जाते पण खाली जमिनीवर डाग नाही. हे लक्षण ज्याला कळलं त्याचे निम्मे पैसे वाचले. कार्बोरेटरचा ह्यात काही दोष नसतो, बिचारा उगाच बदलला जातो आणि मूळचा यिकॉव भंगारात जातो, हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

तपासायचं कसं, तर बीपीच्या मशीननं. हो, डॉक्टर दंडाला बांधतात तेच, जुनं काट्याचं किंवा पाऱ्याचं. दोन्ही सायलेन्सरची तोंडं रबरी बुचानं बंद, कार्बोरेटर काढून त्या जागी रबर आणि पत्र्याची पट्टी बोल्टनं आवळून बंद, पिस्टन खाली ठेवायचा म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर आतून जोडले जातात, आणि प्लगच्या जागी एक जुना प्लग पोकळ करून त्याला नळी. आता फुग्यानं हवा भरायची, २५० ते ३०० पर्यंत काटा न्यायचा, एवढा दाब पुरे, जास्त दिला तर चांगलं सीलही जागचं हलेल. आणि काटा बघत बसायचं. चांगलं इंजिन काही मिनिटं काटा धरून ठेवतं. भराभर खाली येत असेल तर साबणाचं पाणी ब्रशनं लावायचं, सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट, केसिंगचा जोड, डायनॅमोच्या मागं. बुडबुडे दिसले तिथं गळती. बाहेर कुठंच बुडबुडे नाहीत आणि काटा तरी पडतोय तर गिअर ऑइल भरायच्या बुचाशी कान लावा, डाव्या सीलमधून हवा तिकडं जात असते. पाच रुपयांचा साबण आणि घरातलं बीपीचं यंत्र, ह्यापेक्षा भारी निदान कुठल्याच गॅरेजमध्ये होत नाही असं मी मनापासून सांगतो. इंजिन परत जोडल्यावरही गाडीत बसवायच्या आधी हीच टेस्ट करायची, टेबलावरच.

क्रँकचं काम मात्र घरी होत नाही आणि करूही नये. कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक ढिलं असेल, म्हणजे रॉड सरळ वरखाली ओढल्यावर खट् असं हाताला लागत असेल, तर क्रँक प्रेसवर उघडून नवीन पिन, रोलर आणि रॉड घालायला लागतो आणि मग तो सरळ करायला लागतो. रॉड थोडा आडवा हलतो तो दोष नाही, तेवढी जागा ठेवलेलीच असते, वरखाली खेळ नको. ह्या बाबतीत आम्ही कोल्हापूरकर नशीबवान आहोत, कारण शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिनं बनवत मोठी झालेली ही वस्ती, तिथं आजही गल्लीत एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला बोअरिंग, पुढं ग्राइंडिंग, चहा सांगून येईपर्यंत बुश, म्हणजे भोकात बसणारी धातूची कडी, टर्न करून मिळतो. ज्या काकांकडं मी क्रँक नेतो ते दोन सेंटरमध्ये क्रँक धरतात, डायल गेज लावतात आणि तांब्याच्या हातोडीनं एक एक टोला देत काटा दोन-तीन शतांशांच्या आत आणतात, म्हणजे ०.०२-०.०३ मिलिमीटर. बघत उभं राहायचं नुसतं. मी एकदा विचारलं काका टोला कुठं द्यायचा हे कसं ठरवता, तर म्हणाले, "काटा जिथं जास्त दाखवतोय तिथं मारायचं नसतं, का दाखवतोय ते बघायचं असतं." आणि मग खडूनं दोन चाकांवर खुणा करून मला पाऊण तास समजावलं, दोन चाकं एकमेकांना पिळलीत का उघडलीत ह्यातला फरक. ते सगळं वहीत चित्रासकट काढून ठेवलंय.

त्यांनीच जुना रॉड परत घेऊन जा म्हणून सांगितलं. मूळच्या रॉडचं पोलाद चांगलं असतं, नवीन पिन आणि ओव्हरसाईज रोलर घालून तोच परत वापरता येतो जर त्याचं भोक ग्राइंड करायला मटेरियल शिल्लक असेल तर. बाजारात जे किट मिळतात त्यात चांगलेही आहेत, पण काही असे येतात की रॉडच्या मोठ्या टोकाची कडकपणाची प्रक्रियाच नीट झालेली नसते आणि हजारभर किलोमीटरमध्ये परत आवाज. पिनवर साधी कानस फिरवून बघा, कानस घसरली पाहिजे, ओरखडा उठला तर परत करा. छोट्या टोकाचा ब्रॉन्झचा बुश तर सरळ उद्यमनगरात करून घ्या, तयार घेऊच नका.

बोअर मारताना सुद्धा एक गोष्ट हमखास राहते. बोअरिंगवाला चार स्ट्रोकच्या सवयीनं बोअर मारतो, होनिंग करतो आणि देतो. पण दोन स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात, पोर्ट, आणि बोअर मारल्यावर त्या खिडक्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. पिस्टनवरची रिंग तिथून जाताना थोडी बाहेर फुगते आणि त्या कडेला अडकते, तुटते. म्हणून प्रत्येक पोर्टची कड बारीक दगडानं हलकी मारून घ्यायलाच हवी, विशेषतः वरची आणि खालची. अर्ध्या तासाचं काम आहे, सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. दुसरं म्हणजे पिस्टनच्या खाचेत रिंग फिरू नये म्हणून छोटी पिन असते, रिंगची तोंडं त्या पिनवरच आली पाहिजेत, नाहीतर सिलिंडर खाली सरकवताना रिंग कट्. आणि पिस्टन आधी हातात घेऊन मग बोअर मारायचा, बोअर मारून मग पिस्टन शोधायचा नाही. पिस्टन मोजायचा तो खाली स्कर्टवर, पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनच्या काटकोनात, डोक्याजवळ तो मुद्दाम लहान केलेला असतो. आण्णांच्या गाडीला पहिला ओव्हरसाईज पुरला, म्हणजे ह्या सिलिंडरला पुढं अजून आयुष्य आहे. काही जण पहिल्याच वेळी थेट एक मिलिमीटर मारून टाकतात, तो पिस्टन पटकन मिळाला म्हणून. अहो ते लोखंड परत येणार आहे का?

वायरिंगचं. सहा व्होल्ट. ह्यावर लोकांचं ठाम मत असतं की सहा व्होल्ट म्हणजे मेणबत्ती, काढा आणि बारा व्होल्ट आणि सीडीआय, म्हणजे पॉइंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, करा. मला ते पटत नाही. मंद दिव्याचं कारण बहुतेक वेळा व्होल्टेज नसतं, अर्थिंग असतं. सहा व्होल्टमधला एक व्होल्ट गंजलेल्या जोडात गेला तर सहावा हिस्सा गेला की. हेडलाईटपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थची वायर ओढा, जोड घासून साफ करा, वायर जाड घ्या आणि मग बघा. डायनॅमोचं आर्मेचर, म्हणजे आतली फिरणारी गुंडाळी, जळलेलं असेल तर पाण्याच्या मोटारी भरणारे जे वाईंडिंगवाले असतात ते भरून देतात, फक्त जुन्या तारेची जाडी आणि वेढे मोजून घ्या म्हणावं, अंदाजे भरू नका. कार्बन जिथं घासतो त्या कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली खरवडायचा, हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं, नाहीतर कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कट-आउटच्या जुन्या डब्यात आत नवीन इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लपवून बसवायला माझी हरकत नाही, कारण बाहेरून डबा तोच राहतो आणि उद्या कुणाला वाटलं तर परत जुनं बसवता येतं. माझी कसोटी एवढीच आहे, केलेला बदल परत मूळावर नेता येतो का. भोक पाडावं लागत असेल, कापावं लागत असेल, वेल्डिंग करावं लागत असेल तर नको.

पॉइंटचं टायमिंग लावायला हेड काढलेलं असतानाच डायल गेज लावून मॅन्युअलमधला आकडा मिळवा आणि पॉइंट आणि अर्थच्या मध्ये सहा व्होल्टचा बल्ब जोडा, इग्निशन चालू करून क्रँक हळू फिरवा, बल्ब पेटला की त्या क्षणी पॉइंट उघडले. डोळ्यानं बघून उघडले की नाही ते कळत नाही. कंडेन्सर चांगल्यातला टाका. गाडी थंड असताना उत्तम आणि पंधरा-वीस मिनिटांनी तापल्यावर बंद, पॉइंटवर निळ्या ठिणग्या, असं झालं की आधी त्याच्याकडं बघा.

आता टाकी आणि पत्रा. टाकीच्या आतला गंज काढायला मी लिंबूसत्व वापरतो, म्हणजे सायट्रिक ॲसिड, गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरून एक-दोन दिवस, मधून मधून बघत. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, लगेच वाळवायचं आणि लगेच आत थोडं टू-टी म्हणजे दोन स्ट्रोकचं ऑइल फिरवायचं, नाहीतर तासाभरात पिवळा गंज परत. खडे, नट टाकून टाकी हलवत बसायची पद्धत मला आवडत नाही, पातळ पत्रा आतून ठेचला जातो. आणि टाकीला वेल्डिंग किंवा डाग द्यायचा असेल तर धुऊन, जेवढी भरता येईल तेवढी पाण्यानं भरूनच, ह्यात हयगय नको, रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची.

टाकीच्या बाजूचं क्रोम आण्णांच्या गाडीवर बऱ्यापैकी टिकून होतं, बारीक ठिपके आहेत. सगळ्यांनी सांगितलं की नवीन क्रोम करून घे. मी नाही केलं. क्रोमवाला आधी जुनं क्रोम उतरवतो, मग पत्रा बफ करतो, आणि बफिंगमध्ये पत्रा अजून पातळ होतो, कडा गोल होतात, त्यावर तांबं, निकेल आणि मग क्रोम, तेही आजकाल निकेलमध्ये काटकसर. ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की वरवरचा गंज जातो, नंतर मेण लावायचं. ठिपके राहतात, राहू देत. साठीला आलेल्या, पावसात वापरलेल्या गाडीवर ते असणारच.

फ्रेमला पावडर कोटिंग करायची फॅशन आहे. करा, टिकाऊ असतं, पण दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे सँडब्लास्टिंगला द्यायच्या आधी चेसिस नंबरवर जाड टेप आणि रबर लावा, आणि कोटिंगवाल्याला तो भाग झाकायला सांगा. आरटीओत तपासणीला चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात, नंबर पावडरखाली बुजला किंवा ब्लास्टिंगनं पुसट झाला तर गाडी कितीही सुंदर असली तरी अडकली. दुसरं म्हणजे इंजिन जिथं फ्रेमला बसतं आणि अर्थची वायर जिथं लागते तिथलं कोटिंग खरवडून काढा. पावडर कोटिंग वीज वाहून नेत नाही, त्यामुळे नवीकोरी गाडी जोडल्यावर एकही दिवा लागत नाही आणि लोक नवीन वायरिंग परत उचकटतात.

टाकीवरच्या आणि मडगार्डवरच्या सोनेरी रेघा मात्र हातानं मारून घ्या. स्टिकर नको! आमच्याकडं दुकानांचे बोर्ड आणि ट्रॉलीवर नावं रंगवणारे जुने पेंटर आहेत, फ्लेक्सनं त्यांचं काम कमी झालं पण हात तसाच आहे. लांब केसांचा ब्रश, श्वास रोखून एका दमात रेघ. जिथं रेघ वळते तिथं तिची जाडी किंचित बदलते, कारखान्यातही हातानंच मारायचे म्हणून मूळ गाडीवरही तसंच असतं.

कागदपत्रं. रजिस्ट्रेशनला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासोबत पर्यावरण कर, हे करत राहिलात तर गाडी रोज चालवता येते. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेजचा वेगळा नियम आहे, नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरमध्ये व्हीए अक्षरं, नंतर नूतनीकरणाला पाच हजार. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरलेल्या कामांपुरतीच रस्त्यावर. आणि मुख्य म्हणजे गाडी मूळ रूपात असावी लागते, चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे बघा, ज्यांनी डिस्क ब्रेक, अलॉय व्हील आणि काय काय घालून "रिस्टोर" केली त्यांची वाट अवघड, आणि ज्या आण्णांनी गंजलेल्या पार्टांची पिशवी जपली त्यांची उघडी. आण्णांचं आरसी बुक त्यांच्याच नावावर आहे, इंजिन नंबर चेसिस नंबर दोन्ही जुळतात, त्यामुळे आम्ही साधं नूतनीकरणच करणार आहोत, त्यांना त्या गाडीवरून बाजाराला जायचं आहे.

पेट्रोलबद्दल खूप जण घाबरून विचारतात. अनलेडेडचा, म्हणजे शिसं नसलेल्या पेट्रोलचा, जावाला काही त्रास नाही, शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला जपायचं आणि इथं व्हॉल्व्हच नाहीत. त्रास आहे तो इथेनॉलचा, आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे. ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साठतं आणि गंज धरतो, आणि जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल कॉकचं बूच ह्यांना ते मऊ करतं. नळी इथेनॉल चालणारी घ्या, कॉकमधलं पॅकिंग नायट्राईल किंवा व्हिटॉन रबराचं करा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, कॉक बंद करून गाडी बंद पडेपर्यंत चालवायची, झालं. इथेनॉलमुळे मिश्रणही थोडं हलकं होतं, हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, म्हणजे इंजिन जास्त तापतं, प्लगचा रंग बघून कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक, मेन जेट, एखादा नंबर मोठं लागू शकतं. प्लग विटकरी तपकिरी हवा, पांढरा दिसला तर थांबा.

ऑइल लिटरला ४० मिली, म्हणजे एकास पंचवीस. नवीन बोअर असेल तोवर ५० मिली. कॅनमध्ये आधी मिसळून मग टाकीत, टाकीत ओतून गाडी हलवायची नाही.

आण्णांची गाडी आता सुरू झालीय, पहिल्या काही किकमध्येच, आणि दोन्ही सायलेन्सरमधून तो आवाज आला तेव्हा शेजारच्या काकू पण बाहेर येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या वडिलांकडं होती म्हणे जावा. अजून साखळीच्या कव्हरची रबरी आवरणं यायची आहेत, आणि सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून त्यांचा काजळीचा थर जाळायचा आहे, तोवर पूर्ण ताकद मिळणार नाही. गाडी गावाला न्यायच्या आधीच मी आण्णांच्या मुलाला दोनच गोष्टी सांगितल्यात. पहिले पाचशे किलोमीटर गाडी एकाच वेगात दामटायची नाही, वेग वरखाली करत राहायचं, आणि चढाला वरच्या गिअरमध्ये कण्हत न्यायची नाही. दुसरी गोष्ट घाटाची. गगनबावड्याच्या घाटातून कोकणात उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून इंजिनच्या जोरावर गाडी रोखून धरायची सवय चार स्ट्रोकवाल्यांना असते, इथं ती चालत नाही, कारण ऑइल पेट्रोलमधूनच येतं, ॲक्सिलरेटर बंद म्हणजे ऑइल बंद, आणि इंजिन तर जोरात फिरतंय. उतारावर मधून मधून क्लच दाबून थोडा थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, पिस्टनला घोटभर ऑइल मिळतं. ब्रेक म्हणून ब्रेकच वापरायचे, त्यासाठीच त्यांचे लायनर नवे टाकलेत, आणि हो, जुन्या लायनरचे ब्रेक शू पिशवीत ठेवलेत, ते परत लायनिंग करून घेता येतात, फेकू नका.